मिदी, बर्गंडी की गारोन? फ्रान्समधल्या कालव्यांच्या काठानं आणि द्राक्षबागांतून ग्रॅव्हल सायकलिंग

ग्रॅव्हल सायकल, म्हणजे खडी-मातीच्या वाटांवर चालणारी रुंद टायरची सायकल, घेऊन जायचं म्हटलं तर नकाशावर तिन्ही मार्ग सारखेच दिसतात. कालव्याची निळी रेघ, तिला चिकटून सायकलमार्ग आणि आजूबाजूला द्राक्षबागांचे पट्टे. पहिला कनाल द्यु मिदी, तुलूझहून भूमध्य समुद्राकडे जाणारा. दुसरा बोर्दोहून तुलूझला येणारा गारोन कालव्याचा मार्ग. तिसरा बर्गंडीतला, दिजाँपासून माकाँपर्यंत कालवा, द्राक्षबागा आणि बंद पडलेली रेल्वेलाइन एकमेकांना जोडून केलेला. जायचं ठरलं की बहुतेकांचं बोट आधी मिदीवर जातं. नाव ऐकलेलं असतं, १९९६ पासून तो युनेस्कोच्या यादीत आहे, आणि कालवा म्हणजे सपाट, सपाट म्हणजे सोपा, असा हिशेब असतो. सपाट तो आहेच, पण तिन्हींत सर्वांत खडतर रस्ताही त्याचाच आहे.

म्हणून निवड करताना चढ-उताराचा आलेख बाजूला ठेवा आणि चाकाखाली काय येणार ते आधी बघा. टायर, रोजचं अंतर, मुक्काम, पाऊस आला तर काय करायचं, सगळं त्यावरून ठरतं.

| | मिदी | बर्गंडी | बोर्दो–तुलूझ |
|---|---|---|---|
| अंतर | २४० किमी, पुढे सेत बंदरापर्यंत थोडं | सुमारे २०० किमी | सुमारे २७५ किमी |
| रस्ता | ५० किमी डांबर, पुढे खडी, माती, मुळं | डांबर, काँक्रीट, खडी. वर चुनखडीच्या वाटा | जवळजवळ सगळं डांबरी |
| चढ | नगण्य | हवा तेवढा | बोर्दोकडच्या भागात थोडा |
| टायर | ४२–४५ मिमी | ३८–४२ मिमी | ३२–३५ मिमी |
| रोज झेपेल असं | ५०–५५ किमी | ४५–६० किमी | ७०–८० किमी |

मिदी: मुळं, चिखल आणि उरलेली सावली

प्येर-पोल रिके याच्या देखरेखीखाली १६६६ ते १६८१ या काळात खोदलेला हा कालवा तुलूझमधून निघतो. ल्योरागे भागातली पहिली ५० किमी गुळगुळीत डांबरी आहेत. नोरूझच्या उंबरठ्यावर, म्हणजे १८९ मीटरवर, कालव्याचा सर्वोच्च बिंदू येतो आणि ओद जिल्हा सुरू होतो. इथून रस्त्याचं रूप पालटतं. कास्तेलनोदारी (६५ किमी) ते कारकासोन (१०५ किमी) हा टप्पा दाबलेल्या खडीचा आहे, ४० मिमी टायरवर आरामात होतो. खरी परीक्षा कारकासोनच्या पुढे. त्रेब, मार्सेयेत, ओम्प्स, आर्जां असं जाताना जागोजागी वाट हातभर रुंदीची होते, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला उतार, आणि मध्ये प्लेन (चिनाराच्या जातीतल्या) झाडांची मुळं.

ही झाडं काठ बांधून ठेवायला लावलेली आहेत. मुळं वर पसरतात, भोवतालची माती पावसानं आणि चाकांनी झिजते, आणि मुळं उघडी पडतात. त्यावर ताशी १२ ते १४ किमी म्हणजे बरा वेग समजा. टायरमध्ये हवा जास्त असेल तर तासाभरात मनगटं बोलू लागतात. ७५ किलो वजनाचा चालक आणि १० किलो सामान धरलं, तर ४५ मिमी ट्यूबलेसमध्ये पुढे २८ आणि मागे ३२ पीएसआयपासून सुरुवात करा. टायर रिमला आपटत असेल तर दोन-दोननं वाढवा. या हादऱ्यांनी कॅरियरचे आणि बाटलीच्या केजचे स्क्रू सैल होतात. निघण्यापूर्वी त्यांना मध्यम ताकदीचं थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) लावा आणि रोज संध्याकाळी ॲलन की फिरवून बघा. कॅरियरच्या बाजूंना लटकणाऱ्या पॅनियरपेक्षा फ्रेमला बांधायच्या बाइकपॅकिंग बॅगा इथे चांगल्या, कारण अरुंद वाटेवर पॅनियर झुडपांत अडकतो आणि तोल पाण्याच्या बाजूला जातो.

पावसानंतरची ओदमधली चिकणमाती आपल्याकडच्या काळ्या रानातल्या मातीसारखी वागते. टायर आणि चेनस्टे (मागच्या चाकालगतची फ्रेमची नळी) यांच्या मध्ये पानांसकट साचते, आणि चाक फिरायचं थांबतं. तेव्हा जोर लावून पेडल मारू नका. चिखलानं ओढलेला डिरेलर (मागचा गिअर बदलणारा भाग) स्पोकमध्ये जातो आणि त्याला फ्रेमशी जोडणारा हँगर तुटतो. हँगर प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो, गावातल्या दुकानात तुमचा मिळण्याची आशा धरू नका, एक जास्तीचा घरूनच न्या. टायरच्या दोन्ही बाजूंना किमान ६ मिमी मोकळी जागा नसेल तर टायर एक माप लहान घाला. दिवसभर जोराचा पाऊस झाला असेल तर दुसऱ्या दिवशी काठ सोडून गावरस्त्यांनी जा. कालवा उंची सांभाळण्यासाठी वळणं घेत जातो, त्यामुळे रस्त्यानं अंतरही कमी पडतं.

सावलीबद्दल जुनी प्रवासवर्णनं वाचून जाऊ नका. कालव्याकाठी सुमारे ४२,००० प्लेन झाडं होती. २००६ मध्ये त्यांच्यावर एका बुरशीचा रोग आढळला, आणि तेव्हापासून हजारो झाडं तोडून जागी दुसऱ्या जातींची लावली गेली. कित्येक टप्पे आता उघडे आहेत, नवी रोपं अजून सावली देण्याइतकी मोठी नाहीत. जुलै-ऑगस्टमध्ये ३५ अंशांच्या पुढच्या उन्हात हा फरक जाणवतो. त्यातही आर्जां ते फोंसेरान हा ५४ किमीचा पट्टा एकाही लॉकशिवाय (बोटी वर-खाली नेणाऱ्या दरवाजांच्या कोठीशिवाय) आहे. लॉक नाही म्हणजे लॉकवाल्याचं घर नाही, बोटींची गर्दी नाही आणि बरेचदा नळही नाही. तिथे तीन लिटर पाणी घेऊनच शिरा. मध्ये ल सोमाय (१६६ किमी) आणि कापेस्तां (१८८ किमी) ही भरवशाची ठिकाणं.

या पट्ट्याच्या शेवटी मालपासचा बोगदा आहे. १६७९ मधला, १६५ मीटरचा, बोटी जाव्यात म्हणून खोदलेला युरोपातला पहिला. सायकल वरून जाते. तिथूनच आँसेरूनच्या टेकडीवर चढा, खाली माँतादीचं तेराव्या शतकात कोरडं केलेलं तळं चाकाच्या आऱ्यांसारख्या शेतांत वाटलेलं दिसतं. पुढे फोंसेरानचा आठ कोठ्यांचा लॉकांचा जिना, मग बेझिए. कोलोंबिएपासून पोर्तिरान्यपर्यंत रस्ता पुन्हा सुधारलेला आहे. मार्सेयांच्या किनाऱ्यावरून सेतपर्यंत समुद्र आणि ‘एताँ द तो’ नावाचा खाऱ्या पाण्याचा तलाव यांच्यामधल्या पट्टीवर डांबरी सायकलमार्ग आहे.

द्राक्षबागा म्हणाल तर इथे मिनेर्व्हुआ भागातल्या. त्या काठावरून दिसतात, पण त्यांच्यात शिरायचं तर कालवा सोडावा लागतो. ओम्प्सहून ओलोंझाकमार्गे मिनेर्व्ह गावापर्यंतची चढण हा सगळ्यात मोलाचा आडरस्ता. दरीच्या टोकावर वसलेलं गाव, १२१० मध्ये क्रूसेडच्या फौजेचा सेनापती सिमाँ द माँफोर यानं वेढा घातलेलं. वर जाताना डांबर, उतरताना बागांमधल्या खडीच्या वाटा अशी फेरी करा, दिवस सत्कारणी लागतो.

बर्गंडी: ग्रॅव्हल सायकल घेऊन जाण्याचं कारण

दिजाँच्या कीर तलावापासून बर्गंडी कालव्याचा काठ धरून पाँ-दूशपर्यंत ४० किमीच्या आसपास. सुरुवातीला डांबरी, पुढे बारीक दाबलेली खडी. १८३२ मध्ये पूर्ण झालेल्या या कालव्याला २४२ किमीत १८९ लॉक आहेत, म्हणून काठावर दर थोड्या अंतरानं छोटा चढ आणि एक घर येतं. पाँ-दूशला कालवा सोडा. ऊश नदीच्या खोऱ्यातून लहान रस्त्यांनी ब्लिन्यीला जा आणि तिथून पाचशे मीटरच्या पुढे चढून ओत-कोतच्या टेकड्या ओलांडा. उतरलात की बोन शहर.

बोन ते सांत्ने हा व्हुआ दे व्हीन्य नावाचा सुमारे २२ किमीचा मार्ग. पोमार, व्होल्ने, मर्सो, प्युलिन्यी-माँत्राशे, शासान्य. जगातल्या महागड्या पांढऱ्या वाइनच्या बागा तुमच्या कोपराशी असतात. नाशिकच्या मांडवाखालून चालायची सवय असलेल्यांना इथली वेल बुटकी वाटेल, कमरेपर्यंतच, तारेवर बांधलेली, आणि रांगा इतक्या जवळ की ट्रॅक्टर रांगेवर तंगड्या टाकून चालतो. २०१५ पासून या बागांच्या तुकड्यांनाही युनेस्कोचा दर्जा आहे. रस्ता मात्र बहुतेक काँक्रीटचा किंवा डांबरी शेतरस्ता आहे. नुसता हाच पट्टा करायचा असेल तर ग्रॅव्हल सायकलची गरज नाही.

गंमत वरच्या अंगाला आहे. मर्सोहून ओक्से-द्युरेसमार्गे सँ-रोमँच्या कड्यांखाली चढा, तिथून नोलेकडे, आणि माँ द सेनच्या ५२१ मीटरच्या माथ्यावरून सांत्नेत उतरा. ओक आणि पाइनच्या रानातून, चुनखडीच्या पांढऱ्या वाटांनी जाणारा हा दिवस ४५ किमीचाच असतो, पण मिदीच्या दोन दिवसांइतका दमवतो. काही चढ छोटे पण १२ ते १५ टक्क्यांचे आहेत. पुढचा चेनरिंग ४० दातांचा असेल तर मागे ४२ दाती कॉग हवाच. १० किलो सामानासह त्याहून हलका गिअर असला तर गुडघे आभार मानतील.

इथलं दुखणं चिखलापेक्षा दगडाचं. चुनखडीच्या कडा टायरची बाजूची भिंत चिरतात, आणि सीलंट (ट्यूबलेस टायरमधलं भोक बुजवणारं द्रावण) बाजूची चीर भरत नाही. टायर बूट (चीर आतून झाकणारा तुकडा), प्लग आणि एक ट्यूब ठेवा. बूट नसेल तर दुमडलेली नोटसुद्धा दहा-पंधरा किलोमीटर चालवते. ४० मिमी टायरला पुढे ३४, मागे ३८ पीएसआय. यापेक्षा कमी केलं तर दगडावर रिम वाजतो. कोरड्या दिवसांत पांढरी धूळ साखळीवर बसते, म्हणून ओलं तेल नको, कोरडं ल्यूब वापरा आणि रोज फडक्यानं पुसा.

सांत्नेपासून शान्यी आणि कनाल द्यु साँत्रच्या काठानं शालाँ, मग ज्हिव्री. ज्हिव्री ते क्ल्युनी ४४ किमी हा जुन्या रेल्वेलाइनवरचा मार्ग १९९७ मध्ये झाला, फ्रान्समधला अशा प्रकारचा पहिला. डांबरी, सौम्य, दमलेल्या पायांना उतारा. क्ल्युनीच्या पुढे ब्वा-क्लेर बोगदा १.६ किमीचा आहे. आत गारठा असतो, जॅकेट हाताशी ठेवा. हिवाळ्यात वटवाघळांसाठी तो बंद करतात, तेव्हा टेकडीवरून जावं लागतं.

बागांच्या वाटांबद्दल एक सूचना. वेलींच्या रांगांमधून सायकल घालणं म्हणजे दुसऱ्याच्या शेतात घुसणं. सार्वजनिक गाववाटा आयजीएन या फ्रान्सच्या सरकारी नकाशा संस्थेच्या १:२५,००० नकाशावर दिसतात, त्याच धरा. «सोफ आयाँ-द्र्वा» असा फलक असेल तर ती वाट मालकांसाठीच राखीव आहे. काढणीच्या दिवसांत, म्हणजे सप्टेंबरात आणि तापलेल्या वर्षी ऑगस्टअखेरीसच, अरुंद वाटांवर ट्रेलर येतात. त्यांना थांबून वाट द्या, ते तुमच्यासाठी मागे सरणार नाहीत. मे ते जुलैत फवारणी असते. यातलं बोर्दो मिश्रण आपल्या बागायतदारांना नव्यानं सांगायला नको. १८८० च्या दशकात बोर्दोजवळच्या मेडॉकमध्ये वाटसरूंनी घड तोडू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर तांब्याचं क्षार आणि चुना शिंपडत. त्या वेलींना केवडा कमी येतो हे मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं, आणि त्यातून ते मिश्रण जन्मलं. म्हणून आजही रस्त्याकडेचा घड तोडून खाऊ नका.

सप्टेंबरपासून रानात शिकारीचा हंगाम असतो, रविवारी विशेष. वाटेवर शिकार चालू असल्याचा फलक दिसला तर मागे फिरा. भडक रंगाचा कपडा घाला.

बोर्दो ते तुलूझ: निवांत, पण ग्रॅव्हल नव्हे

बोर्दोहून रोज्हे लापेबीच्या नावाचा जुन्या रेल्वेलाइनवरचा मार्ग आँत्र-द-मेरच्या टेकड्यांतून सोव्हतेर-द-ग्वियेनपर्यंत नेतो. लापेबी १९३७ चा तूर द फ्रान्सचा विजेता, आणि ती डिरेलरला परवानगी असलेली पहिली तूर होती. ला रेओलमार्गे कास्ते-आँ-दोर्थला आलात की गारोन कालव्याचा काठ लागतो आणि १९३ किमी तुलूझपर्यंत सोडत नाही. १८३८ ते १८५६ या काळात बांधलेला, ५३ लॉक. आजांचा तेवीस कमानींचा पाण्याचा पूल, माँतेकचा बोटी वर चढवायला बांधलेला १९७४ चा पाण्याचा उतार, मुआसाकचा मठ हे वाटेत. ब्युझेचे द्राक्षमळे काठाजवळच आहेत. मुआसाकला मात्र वाइनची नव्हे, खायची शासला द्राक्षं.

रस्ता डांबरी, झाडांची मुळं डांबर उचलतात तेवढेच धक्के. ताशी १८ ते २० किमी जमतं. हायब्रीड, टूरिंग, ई-बाइक, सगळं चालतं. ज्येष्ठ मंडळी किंवा दहा-बारा वर्षांची मुलं बरोबर असतील तर दुसरा विचार नको. पण तिसऱ्या दिवशी सरळ पाणी, सरळ झाडं आणि सरळ रस्ता पाहून कंटाळा येतो, हेही सांगून ठेवलेलं बरं.

वारा, पाऊस आणि कुठल्या दिशेनं

मिदी तुलूझहून समुद्राकडेच करा. ओदमध्ये वायव्येकडून येणारा सेर्स जोराचा असतो आणि या दिशेनं तो पाठीवर येतो. उलट बाजूनं आलात तर सपाट रस्ताही चढासारखा होतो. ल्योरागेत मात्र आग्नेयेचा ओताँ सुटला की पहिले दोन दिवस तो तोंडावर असतो. बर्गंडीत उत्तरेकडून थंड बिझ येतो, म्हणून दिजाँहून दक्षिणेला. बोर्दो–तुलूझवर पश्चिमेचा वारा जास्त, म्हणून बोर्दोहूनच निघा.

मिदीसाठी मे-जून किंवा सप्टेंबर. शरदात भूमध्य किनाऱ्यावर एका रात्रीत प्रचंड पाऊस पडतो. १५ ऑक्टोबर २०१८ ला त्रेबमध्ये ओद नदीच्या पुरानं माणसं गेली, त्यामुळे हवामान खात्याचा नारिंगी किंवा लाल इशारा असला तर काठावर जाऊ नका. उन्हाळ्यात कोर्बिएर आणि मिनेर्व्हुआच्या रानवाटा आगीच्या धोक्यामुळे दिवसभरासाठी बंद होऊ शकतात, जिल्हा प्रशासनाचा त्या दिवसाचा नकाशा सकाळी बघून निघा. नोव्हेंबर ते मार्चमध्ये कालव्यांची दुरुस्ती होते आणि काठ बंद करून वळणरस्ते दिले जातात. बर्गंडीला मे-जून किंवा सप्टेंबरचा पहिला पंधरवडा.

मध्येच थांबावं लागलं तर

इथे बर्गंडी सरळ जिंकते. दिजाँ–बोन–शान्यी–शालाँ–माकाँ रेल्वे द्राक्षबागांच्या पायथ्यानं धावते, दमलात किंवा भिजलात की तासाभरात स्टेशन. बोर्दो–तुलूझवरही मार्मांद, आजां, मुआसाक, माँतोबां अशी स्टेशनं कालव्याजवळ आहेत. मिदीवर कारकासोननंतर रेल्वे आणि कालवा फाकतात. ओम्प्सहून लेझिन्याँ दहाएक किमी, कापेस्तांला स्टेशनच नाही. म्हणजे जिथे काठ सर्वांत वाईट, तिथेच सुटका सर्वांत लांब. त्या टप्प्यात दुरुस्तीचं सामान पूर्ण ठेवा: चेनची क्विक लिंक, हँगर, दोन ट्यूब, पंप.

प्रादेशिक टीईआर गाड्यांत सायकलला जागा असते, पण मर्यादित. उन्हाळ्यात काही मार्गांवर आरक्षण लागतं, आदल्या दिवशी तपासा. टीजीव्ही या वेगवान रेल्वेनं सायकल उभी न्यायची तर तिची जागा तिकिटासोबतच राखून ठेवावी लागते, नाहीतर चाकं काढून १३० × ९० सेंमीच्या पिशवीत. पॅरिसहून दिजाँ दीड-पावणेदोन तास, बोर्दो दोन तासांच्या वर, तुलूझ साडेचारच्या आसपास. भारतातून सायकलचा खोका घेऊन येणाऱ्याला दिजाँ सोयीचं पडतं ते यामुळेही.

खाणं, पाणी, कायदा

दुपारी १२ ते २:३० दुकानं बंद, रविवारी दुपारनंतर आणि बरेचदा सोमवारीही. रेस्तराँमध्ये दुपारचं जेवण २ नंतर आणि रात्रीचं ९ नंतर मिळण्याची खात्री नाही. शाकाहाऱ्यांना कास्तेलनोदारीचं कासुले चालणार नाही, त्यात बदक किंवा डुक्कर असतंच. बर्गंडीत चीज घातलेली गुजेर आणि शेळीचं चीज मिळतं. एरवी बेकरीतला पाव, सुपरमार्केटमधले उकडलेले हरभरे आणि मसूर, आणि मुक्कामी स्वयंपाकघर असलेली खोली हा पक्का मार्ग. पाण्यासाठी गावाच्या दफनभूमीतला नळ शोधा, «ओ नाँ पोताब्ल» लिहिलं असेल तर ते पिऊ नका.

वाइन चाखायची तर लक्षात ठेवा: रक्तात लिटरमागे ०.५ ग्रॅम अल्कोहोलची मर्यादा सायकलस्वारालाही लागू आहे. कानात इअरफोन घालून चालवलं तर १३५ युरो दंड. घंटी आणि दिवे सक्तीचे, आणि गावाबाहेर अंधारात चमकणारी जाकीटही. बोनच्या आसपासच्या तळघरांत आधी वेळ घेऊन जावं लागतं, आणि थुंकायचं भांडं तिथे मागितलं तर कुणी हसत नाही. मिनेर्व्हुआतल्या सहकारी वाइनरींची दुकानं बहुधा वेळ न घेताही उघडी असतात.

मग कोणता?

पहिल्यांदाच जाताय, ग्रॅव्हल सायकल आहे आणि हाती सहा दिवस आहेत, तर बर्गंडी. दोन दिवस कालवा, दोन दिवस ओत-कोत, दोन दिवस रेल्वेमार्ग. हवामान बिघडलं तर ओत-कोत गाळून व्हुआ दे व्हीन्यनं सांत्ने गाठता येतं. मिदी हवाच असेल तर तुलूझ ते कारकासोन रेल्वेनं उरका, कारकासोन ते सेत चार दिवसांत सायकलवर करा. त्यात एक दिवस मिनेर्व्हसाठी राखा आणि ४२ मिमीच्या खालचा टायर घेऊन जाऊ नका. भाड्यानं घेणार असाल तर तुलूझमधल्या दुकानांत बहुतेक ट्रेकिंग सायकली मिळतात, टायरचं माप आधी विचारा. काही दुकानं एकेरी भाड्यानं देतात आणि सायकल पुढच्या शहरात परत घेतात, म्हणजे परतीच्या गाडीत जागा शोधत बसावं लागत नाही.

चौथं नाव कानावर येईल ते निव्हेर्ने कालव्याचं: ओक्सेर ते दसीझ १७४ किमी, सार्दीचा सोळा लॉकांचा जिना आणि सुरुवातीला इरांसी, शाब्लीच्या बागा. निसर्ग तिथला तिन्हींपेक्षा शांत आहे, पण द्राक्षबागा पहिल्या ३० किमीतच संपतात. द्राक्षं बघायची असतील तर ओक्सेरला दोन रात्री राहून शाब्लीची फेरी करा आणि उरलेला कालवा कालव्यासाठीच चालवा.